गोदाम बंद करताय? रॅक वजनावर विकण्याआधी हे वाचा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमचं बियाणं आणि किराणा मालाच्या वितरणाचं भाड्याचं गोदाम होतं. ते बंद करायची वेळ आली तेव्हा मला एवढंच कळत होतं की महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. रॅक खोलायला माणसं लावली. दोन दिवसांत खांबांचा एक ढीग, बीमचा (खांबांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा) दुसरा ढीग आणि लॉकच्या पिना गोदामभर पसरलेल्या. कुठला बीम कुठल्या खांबाचा, कुणालाच सांगता येईना. शेवटी सगळं वजनकाट्यावर चढलं आणि किलोच्या भावानं गेलं.

सहा महिन्यांनी चोपड्याला एका ओळखीच्या दुकानात गेलो, तर तिथे अगदी तशाच मापाचे नवे रॅक लागत होते. त्या दुकानदाराला आमचे जुने निम्म्या किमतीत देता आले असते. त्याचं काम झालं असतं आणि आमच्याही हातात भंगारापेक्षा कितीतरी जास्त पैसे आले असते. ते फार लागलं. त्यानंतर धुळ्याजवळचं एक आणि दोंडाईच्याचं एक, अशी आणखी दोन गोदामं नातेवाइकांसाठी मी रिकामी करून दिली. तेव्हा जे शिकलो ते इथे क्रमानं लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: रॅकची किंमत लोखंडात नसते, जुळणीत असते. खांब, बीम, पिना, पायाच्या प्लेटा एकत्र राहिल्या तर तो रॅक आहे. एकमेकांपासून सुटल्या की ते भंगार.

१. दिवस मागून मोजा

जागा सोडायची तारीख कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या. साधारण ८-१० हजार चौरस फुटांच्या गोदामाला मी आता दीड महिना धरतो. माल हलवायला दोन आठवडे, खोलायला एक, साफसफाई आणि जमिनीची डागडुजी करायला एक, आणि उरलेले दिवस कागदपत्रांना व गिऱ्हाईक शोधायला. गिऱ्हाईक आधी शोधायचं, रॅक नंतर खोलायचे. उभा रॅक पाहून माणूस भाव देतो, ढीग पाहून वजन विचारतो.

आपल्याकडे हंगामाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या गोदामात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, आणि उंचावर काम करणाऱ्याला भोवळ आली तर काय होईल ते सांगायला नको. उन्हाळ्यातच करावं लागलं तर सकाळी सहा ते अकरा एवढंच काम ठेवा. पावसाळ्यात लाकडी पॅलेट (मालाखाली घालायचे पाट) आणि बारदान भिजतं, ट्रक काळ्या मातीत रुततो. हिवाळा सगळ्यात बरा, पण तेव्हा कापूस आणि नंदुरबारकडची मिरची जोरात असते. गाड्या आणि हमाल दोन्ही आधी सांगून ठेवले नाहीत तर मिळत नाहीत.

२. कागद गोळा करा

माणसं बोलवायच्या आधी ही फाइल तयार हवी:

- जागेचा नोंदणीकृत भाडेकरार, डिपॉझिटची पावती, नोटीस दिल्याची पोच
- रॅक, ट्रॉली, काटे यांची मूळ बिलं, आणि मिळाला तर रॅक कंपनीचा भारक्षमतेचा तक्ता
- कर्जावर घेतलेलं सामान असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र
- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, ज्यात हे गोदाम ‘व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण’ म्हणून दिसतं
- अन्नपदार्थ साठवत असाल तर अन्नसुरक्षा परवाना, बियाणं-खतं-कीटकनाशकं असतील तर कृषी विभागाचे परवाने
- विम्याची पॉलिसी
- महावितरणचं शेवटचं बिल आणि सुरक्षा ठेवीची पावती
- इलेक्ट्रॉनिक काट्यांची पडताळणी प्रमाणपत्रं

बँकेच्या कागदाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मालावर कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज) घेतलं असेल तर माल कुठल्या गोदामात आहे हे बँकेच्या नोंदीत असतं. न कळवता माल हलवला आणि नेमकं तेव्हाच बँकेचं माणूस तपासणीला आलं, तर उत्तर देता देता नाकीनऊ येतात. विम्याचंही तसंच. पॉलिसी पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून माल नव्या जागी पोचण्याआधी तो पत्ता पॉलिसीत चढवून घ्या. आणि जुन्या जागेचा विमा शेवटचा खांब बाहेर पडेपर्यंत बंद करू नका. खोलताना गॅस कटर चालतो, आग लागायचा धोका तेव्हाच जास्त.

गोदाम वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेलं असेल आणि शेतकऱ्यांच्या मालावर इलेक्ट्रॉनिक पावत्या दिलेल्या असतील, तर त्या प्रत्येक पावतीचा निकाल लागल्याशिवाय एक पोतंही हलवता येत नाही. त्या पावतीवर शेतकऱ्यानं बँकेतून उचल घेतलेली असू शकते. हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

जीएसटीत ठिकाण काढून टाकण्याचा अर्ज बदल झाल्यापासून १५ दिवसांच्या आत करायचा असतो. जुनी वह्या-बिलं मात्र फेकायची नाहीत. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ती जपावी लागतात. गोदाम बंद झालं तरी कागदांचं कपाट घरी न्यावं लागणार, हे धरून चाला.

३. मालकासोबत फिरून यादी करा

एका सकाळी जागेच्या मालकाला बोलवा आणि दोघं मिळून गोदाम फिरा. कुठली वस्तू कुणाची ते तिथल्या तिथे लिहा. पंखे, शटरची मोटर, माळा, पाण्याची टाकी, वायरिंग, बाहेरचा पत्र्याचा शेड, यांवरूनच शेवटी तंटे होतात. आमच्या वेळी माळ्यावरून झाला. आम्ही पदरच्या पैशानं बांधला होता, करारात मात्र त्याचा उल्लेख नव्हता. शेवटी तो तिथेच सोडावा लागला.

मग स्वतःची यादी. प्रत्येक रॅकचा समोरून एक आणि बाजूनं एक फोटो काढा. भारक्षमतेची पाटी लावलेली असेल तर तिचा वेगळा फोटो काढा, पाटी काढून पिशवीत ठेवा. मापं मिलिमीटरमध्ये घ्या: खांबाची उंची, रॅकची खोली (समोरून मागेपर्यंतचं माप), बीमची लांबी, आणि खांबावरच्या दोन भोकांमधलं अंतर. हे शेवटचं माप फार मोलाचं आहे. काही कंपन्यांचं अंतर ५० मिलिमीटर असतं, काहींचं ७५, आणि भोकाचा आकारही वेगळा. लांबून सगळे निळे-केशरी रॅक सारखेच दिसतात, पण एकाचा बीम दुसऱ्याच्या खांबात नीट बसत नाही. बसल्यासारखा वाटतो, आणि तेच जास्त घातक.

४. माल हलवताना विषाकडे लक्ष द्या

धान्याच्या गोदामात कीड मारायच्या धुरीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. ३ ग्रॅमची एक गोळी सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते, आणि तो वायू माणसाला मारू शकतो. थप्पीच्या मागे, पॅलेटखाली राखाडी भुकटी किंवा अर्धवट गोळी दिसली तर हात लावू नका, पाणी टाकू नका, पोत्यात भरून बांधू नका. ज्या परवानाधारक कंपनीनं धुरी दिली तिलाच बोलवा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीत आधी दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या आणि मगच आत जा.

थप्प्या हलल्या की मागून साप, विंचू, उंदरांची घरं निघतात. जाड हातमोजे आणि पूर्ण बूट हवेतच. उंदरांच्या मुतानं भिजलेली जमीन कोरडी झाडू नका, जंतुनाशक मारून ओली पुसा. कबुतरांच्या विष्ठेचंही तसंच.

जुन्या गोदामांवर सिमेंटचे करडे पन्हाळी पत्रे असतात. त्यांत ॲसबेस्टॉस असतं. पत्रा फुटला की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात अडकतात. ते फोडून जमिनीत भरावाला घालायची आपल्याकडे सवय आहे. कृपा करून ते करू नका. शक्यतो अख्खा पत्रा उतरवा, तडकलेला असेल तर ओला करून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ॲसबेस्टॉसचा कचरा घातक कचऱ्याच्या नियमांत येतो.

५. कुठला रॅक वाचवायचा, कुठला नाही

इथे घाई करू नका. गोदामातला हा एकच दिवस असा, की तुमची नजर तुम्हाला पैसे मिळवून देते आणि पुढच्या माणसाचा जीवही वाचवते.

एक मीटर लांबीची सरळ लोखंडी पट्टी घ्या. ती खांबाला लावून मधली फट मोजा. युरोपातल्या ईएन १५६३५ या मानकाच्या मर्यादा मी वापरतो: खांब बीमच्या दिशेनं वाकला असेल तर ५ मिलिमीटरपर्यंत, आत-बाहेर म्हणजे खोलीच्या दिशेनं वाकला असेल तर ३ मिलिमीटरपर्यंत, आणि तिरप्या आधारपट्ट्यांना १० मिलिमीटरपर्यंत. यापेक्षा जास्त निघाला तर तो खांब बाजूला. दुप्पट निघाला तर त्यावर एक पोतंही ठेवू नये.

वाकलेला खांब हातोड्यानं किंवा गॅसवर तापवून सरळ करून देणारे पुष्कळ भेटतील. सरळ दिसेल, पण पत्र्याची ताकद गेलेली असते. तापवलेला खांब विकू नका, घेऊ नका.

बीम भाराखाली थोडा झुकतोच. लांबीच्या दोनशेव्या भागापर्यंत चालतं, म्हणजे २७०० मिलिमीटरच्या बीमला साडेतेरा मिलिमीटर. पण माल उतरवल्यावर तो परत सरळ व्हायला हवा. रिकामा असतानाही पोट सुटलेलं दिसलं तर तो थकला आहे. बीमच्या टोकाची आकडी आणि वेल्डिंग बोट फिरवून पाहा. बारीक चीर असेल तर बाद.

आपल्या भागात गंज एका ठरावीक जागी सापडतो: खांबाच्या तळापासून वीतभर उंचीपर्यंत. युरिया आणि इतर खतं हवेतलं पाणी ओढतात, त्याचा ओलावा जमिनीवर साचतो आणि खांबाचा पाय आतून खातो. वरून रंग शाबूत दिसतो. पेचकसानं टोचून पाहा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर त्या खांबाचा तळ गेलेला आहे. खताच्या गोदामातले निम्मे खांब मी असे बाजूला काढले आहेत.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कीटकनाशकं किंवा औषध चोळलेलं बियाणं ज्या रॅकवर होतं, तो रॅक किराणा दुकान, पापड-मसाल्याचा बचत गट किंवा शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत जाऊ देऊ नका. धुऊन दिला तरी नाही. लाकडी फळ्या तर औषध शोषूनच घेतात. असे रॅक हार्डवेअर, पाइप, ठिबकचं सामान, मोटार रिवाइंडिंगचं दुकान अशा ठिकाणी जाऊ द्या, आणि घेणाऱ्याला त्यावर काय होतं ते सांगा. मी खांबावर लाल रंगानं ‘औषध’ असं लिहून ठेवतो.

६. खोलायचा क्रम

उभारणीच्या बरोबर उलटा क्रम. आधी वरचं, मग खालचं, सगळ्यात शेवटी पाय.

खोलायच्या आधी रंगाची डबी घेऊन क्रमांक टाका. मी ओळीला अक्षर आणि खांबाला अंक देतो: क-१, क-२. दोन खांबांमधल्या बीमवर ‘क १-२ वरचा’, ‘क १-२ खालचा’. खडूनं लिहू नका, पुसला जातो. एका तासाचं काम आहे, पण नव्या जागी पूर्ण दिवस वाचतो.

मग क्रम असा:

- रॅक पूर्ण रिकामा करा. ‘एवढी दोन पोती राहू दे’ चालणार नाही.
- जाळ्या, फळ्या, पत्रे उतरवा.
- ओळीच्या एका टोकाच्या खणापासून (खण म्हणजे दोन चौकटींमधला भाग) सुरुवात करा, मधून नाही.
- वरच्या बीमच्या पिना काढा, दोन माणसांनी दोन टोकं धरून बीम एकदमच उचला. एक टोक आधी सुटलं की दुसरं फिरतं आणि माणसाला शिडीवरून ढकलतं.
- शेवटचा खण सुटेपर्यंत शेजारच्या खणांचे खालचे बीम जागेवर ठेवा. तेच उरलेल्या ओळीला उभं ठेवतात.
- खांबाची चौकट हायड्रा क्रेननं किंवा दोरानं धरून ठेवल्यावरच पायाचे बोल्ट सोडा.
- चौकट आडवी झोपवा. तिच्या आतल्या तिरप्या पट्ट्या सोडू नका. जुळलेली चौकट जशीच्या तशी न्या.

पिना आणि बोल्ट प्रत्येक ओळीच्या वेगळ्या पिशवीत, पिशवीवर ओळीचं अक्षर. धुळ्याच्या कामावर एक वयस्कर मुकादम होते. पहिल्याच दिवशी त्यांनी अहिराणीत सांगितलं, ‘भाऊ, पिना सांभाय, लोखंड ते कोठेबी भेटी.’ ते अगदी खरं आहे. पीन ही बोटाएवढी वस्तू, पण फोर्कलिफ्टचा काटा खालून लागला तर बीम उसळू न देणारी तीच. ती हरवली की लोक तिथे तार किंवा खिळा घालतात. तसं करू नका, कंपनीकडून नवीन मागवा.

जमिनीत ठोकलेले प्रसरण पावणारे बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत. नवे घ्यायचे. जुने जमिनीच्या पातळीत ग्राइंडरनं कापा आणि भोकं सिमेंट-ग्राउटनं भरा. मालक डिपॉझिटमधून पैसे कापतो ते बहुतेक याच भोकांपायी.

माणसांबद्दल: रॅक खोलणं आणि ट्रकमध्ये चढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. खोलायला रॅकचा अनुभव असलेली टोळी हवी, हेल्मेट आणि कमरेचा पट्टा यांसह. चढवायचं काम बहुतेक ठिकाणी माथाडी मंडळाकडे नोंदलेल्या हमालांचं असतं, आणि १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या मजुरीचं व कल्याण निधीचं संरक्षण करतो. मुकादमाशी दर आधी बोला, टनावर की नगावर ते ठरवा, आणि मंडळाचा भरणा पावतीनं करा. ट्रक दारात उभा करून मग दर ठरवायला गेलात तर दिवस वाया जातो. ज्यांनी वर्षानुवर्षं आपला माल पाठीवर वाहिला, त्यांना गोदाम बंद होतंय हे शेवटच्या दिवशी कळू नये. त्यांच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. आम्ही महिनाभर आधी सांगितलं, आणि दोंडाईच्याच्या दोन हमालांना रॅक विकत घेणाऱ्याकडेच काम मिळालं.

७. पॅलेट, बारदान, क्रेट

लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि अक्षरं दिसली तर ती वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं. असं पॅलेट फर्निचरला, रोपवाटिकेला, कुठेही चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते घरात किंवा अन्नाजवळ वापरू नका, चुलीत तर मुळीच नको.

निळे रंगवलेले पॅलेट दिसले तर थांबा. ते बहुतेक भाड्यानं फिरणाऱ्या कंपनीचे असतात, वर तिचं नाव छापलेलं असतं. मालासोबत ते आपल्याकडे येतात आणि आपण ते आपलेच धरून चालतो. ते विकणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू विकणं. पुरवठादाराला कळवून परत करा.

धान्याच्या गोदामातलं लाकूड आणि बारदान दुसरीकडे नेताना कीड सोबत जाते. खपरा भुंगेऱ्याची अळी फटीत अन्नाशिवाय काही वर्षंही तग धरते. पॅलेट झटकून, फटी घासून कडक उन्हात टाका, पण धान्याच्या जागी जाणार असतील तर धुरी दिल्याशिवाय पाठवू नका.

प्लास्टिकच्या क्रेटना आपल्याकडे हमखास गिऱ्हाईक आहे. रावेर-यावलकडे केळीवाले, साक्री-चाळीसगावकडे भाजीपाला-कांदावाले चांगले क्रेट लगेच नेतात. तडा गेलेले वेगळे काढा.

८. काटे, ट्रॉली, बॅटऱ्या

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी होते. जागा बदलून पक्का बसवायचा काटा असेल, तर नव्या जागी वैधमापन विभागाकडून पुन्हा तपासून शिक्का घ्या आणि मगच त्यावर खरेदी-विक्री करा. विकताना प्रमाणपत्राची प्रत द्या.

हायड्रोलिक ट्रॉलीवर भार चढवून उचला आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. हळूहळू खाली बसत असेल तर सील गेलेलं आहे. दुरुस्ती स्वस्त असते, ट्रॉली टाकू नका.

फोर्कलिफ्टच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. संगणक, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, बिलिंगचं मशीन देण्याआधी आतला डेटा पूर्ण पुसा. त्यात तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर, उधारी असते.

९. विकताना बिल, नेताना ई-वे बिल

बिलावर काय लिहिता ते महत्त्वाचं. चालू स्थितीतले रॅक ‘वापरलेले पॅलेट रॅक, इतके खण’ असे लिहा. वाकलेले-गंजलेले ‘लोखंडी भंगार’ म्हणून वेगळ्या बिलात. एकत्र केलंत तर सगळंच भंगार धरलं जाऊ शकतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगाराला वेगळे नियम आहेत: विकणारा जीएसटी नोंदणी नसलेला आणि घेणारा नोंदणीकृत असेल तर कर घेणाऱ्यानं भरायचा, आणि दोघंही नोंदणीकृत असतील तर २.५ लाखांवरच्या करारात घेणारा २ टक्के टीडीएस कापतो.

रॅक घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) तुम्ही घेतली असेल, तर विकताना एक हिशोब करावा लागतो. मूळ वजावटीतून दर तिमाहीला ५ टक्के वजा करून उरणारी रक्कम आणि विक्री किमतीवरचा कर, यांत जे जास्त ते भरायचं. पाच वर्षं झाली असतील तर पहिली रक्कम शून्य होते. सीएला मूळ बिलाची तारीख द्या, तो पाच मिनिटांत सांगेल.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल (माल गाडीतून नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन पत्र) लागतं. राज्याबाहेर ५० हजारांवरच. आपल्याकडे हा फरक रोजचा आहे: रावेरहून बऱ्हाणपूर, शिरपूरहून सेंधवा, नवापूरहून सुरतकडे गेलात की दुसरा नियम लागला. रॅक विकत नसून त्याच जीएसटी नोंदणीतल्या आपल्या दुसऱ्या गोदामात नेत असाल तर बिलाऐवजी डिलिव्हरी चलन, पण ई-वे बिल तरीही. एकच रॅक-संच दोन-तीन गाड्यांत जात असेल तर पूर्ण बिल पहिली गाडी निघण्याआधी करा, पुढच्या प्रत्येक गाडीसोबत चलन द्या आणि मूळ बिल शेवटच्या गाडीत पाठवा.

गाडी ठरवताना चौकटीची उंची पाहा. सहा मीटरची चौकट सतरा फुटी गाडीत मावत नाही. बाहेर लोंबती न्यायची नाही, मोठी गाडी बोलवा. चौकटी तळाला, त्यावर बीम, मध्ये बारदानाचे तुकडे. रंग खरवडला की पहिल्या पावसात गंज धरतो.

१०. जागा परत देताना

मीटरचं अंतिम वाचन महावितरणच्या माणसासमोर घ्या, फोटो काढा. मीटर तुमच्या नावावर असेल तर कायमस्वरूपी वीजपुरवठा बंद करण्याचा अर्ज करा आणि सुरक्षा ठेव परत मागा. नुसतं बिल भरणं बंद केलं तर स्थिर आकार चढत राहतो. अन्नसुरक्षा परवाना ऑनलाइन सोडता येतो. मालकाकडून ‘जागा सुस्थितीत मिळाली’ असं लिहून, किल्ल्यांची संख्या टाकून सही घ्या. डिपॉझिट आणि किल्ली एकाच बैठकीत.

११. नव्या जागी उभं करताना

रॅक कुठे गेले त्याप्रमाणे इथे फरक पडतो. अमळनेरच्या एका अभ्यासिकेत छिद्रांच्या अँगलचे रॅक पुस्तकांना लागले, तिथे भिंतीला पट्टीनं बांधले की काम झालं. शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात पॅलेट रॅक जाणार असतील तर जमीन आधी पाहा. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यावर नीट भराव न करता ओतलेली फरशी उचलते आणि तडकते. एका खांबाखाली जमीन बोटभर वर आली की रॅकचा भार सगळ्या खांबांवर सारखा राहत नाही. पक्क्या भरावावर काँक्रीट हवं. पातळी स्पिरिट लेव्हलनं तपासा आणि कमी असेल तिथे पायाखाली पोलादी पट्ट्या घाला. लाकडाचे तुकडे किंवा टाइल नको.

बीमची उंची बदलायची असेल तर सावध राहा. समजा जुन्या जागी पहिला बीम दीड मीटरवर होता, आणि खाली ट्रॅक्टरचं सामान ठेवायला तो अडीच मीटरवर नेला. लोखंड तेच असलं तरी खांबाचा मोकळा भाग लांबला, आणि लांब खांब कमी भारात वाकतो. म्हणून जुनी पाटी जशीच्या तशी लावू नका. नव्या मांडणीचा भार कंपनीच्या तक्त्यावरून किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या आणि ती नवी पाटी लावा. रॅकची उंची त्याच्या खोलीच्या (समोरून मागच्या मापाच्या) सहापटीपेक्षा जास्त असेल तर बांधणीबद्दल इंजिनिअरला वेगळं विचारा. दोन ओळी पाठीला पाठ लावून जोडल्या तर बरंच स्थैर्य येतं.

पहिल्या दिवशी पूर्ण भार देऊ नका. जड माल खाली, हलका वर. आठवड्यानं आणि पुन्हा महिन्यानं पायाचे बोल्ट आवळा, प्रत्येक पीन बसली आहे का ते हात लावून पाहा. चोपड्याच्या त्या दुकानदारानं पुढे धुळ्याच्या गोदामातले बारा खण आमच्याकडून घेतले. पहिला पावसाळा संपल्यावर त्यानं बोलावलं, तेव्हा पट्टी आणि पाना घेऊन गेलो. क-४ चा एक बोल्ट सैल निघाला, तो आवळला.